एक थेंबही वाया नाही

“मग चूक कुणाची, अज्जा? बियाची?”

मठाचे जंगम गुरुपादय्या अज्जा घमेल्यातल्या नारळाच्या भुशावर तांब्याने पाणी ओतत होते.

“बी चांगलं आहे, मी तपासलंय. पाणी चांगलं आहे, तेही तपासलंय. खत तर मी स्वतः ग्रॅमवर मोजून घालतो. मग रोपं मरतात कशी?”

“म्हंजे तू सोडून सगळं तपासून झालं.”

“तसं नाही म्हणत मी.”

“न्हाई म्हणत?... बरं.”

श्रीशैल आवटी हा गडी तसा वाईट नव्हता, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. शेतीतली मोठी पदवी, वर एका बड्या पॉलिहाऊसमध्ये सहा वर्षं. मातीशिवाय भाजी कशी पिकवायची हे त्याला तोंडपाठ. गावोगाव व्याख्यानं द्यायचा, लोक ‘सर’ म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचं. असा माणूस इस्त्रीची पँट दुमडून जंगमाच्या मठात उकिडवा बसला होता, यावरूनच ओळखा की पाणी गळ्याशी आलं होतं.

त्याच्या शर्टाच्या खिशात एक छोटी डबी होती. डबीत सात बिया.

काटेरी वांग्याच्या. त्याच्या आईच्या.

नदीकाठचं त्यांचं रान. उसाला वर्षानुवर्षं पाटानं पाणी पाजलं, तेही हावरटासारखं, आणि एक दिवस जमिनीनं आतलं मीठ वर काढलं. सगळं रान पांढरं फटक पडलं. एका कोपऱ्यात आईची वांगी तेवढी तग धरून होती, तीही मग गेली, आणि पाठोपाठ आई गेली. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

गावात दुसऱ्या कुणाकडे ते वाण उरलं नव्हतं. सगळ्यांनी दुकानातलं बी धरलं होतं. थोरल्या बहिणीनं, अक्कानं, आईच्या फडताळातून एक पुरचुंडी काढून त्याच्या हातावर ठेवली. मोजून तीस बिया होत्या.

पहिल्या खेपेला त्यानं बारा टोकल्या. उगवल्या झकास. तिसरं पान फुटलं आणि पानांच्या कडा उदबत्ती लावल्यासारख्या करपल्या. आठवड्यात सगळी रोपं झोपली.

दुसऱ्या खेपेला अकरा. तेच झालं.

उरल्या सात. वांग्याचं बी काही जन्मभर टिकत नाही, आणि हे चौथं वर्ष लागलं होतं. ह्या सातांतून काही आलं नाही, तर ते वांगं जगातून गेलं. ह्या विचारानं श्रीशैलला आताशा घास जात नव्हता.

गावातल्या ह्या मठाची जमीनही तशीच पांढरी पडलेली. पण अज्जांनी त्या पांढऱ्यावर पोती मांडली होती, पोत्यांत नारळाचा भुसा भरला होता, आणि त्यात भाजी अशी डवरली होती की बघणाऱ्यानं दृष्ट काढावी. मठात आलेल्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही, हा तिथला नेम. त्याला दासोह म्हणतात. दासोहाला भाजी लागते, म्हणून हा सगळा उद्योग.

श्रीशैल शिकायला आला नव्हता हं. ‘जरा बघून जातो’ असं त्यानं स्वतःला बजावलं होतं.

“पिशवी आणलीयास म्हणालास.”

त्यानं गाडीतून पिशवी आणली. जाड, पांढरी, चारी बाजूंनी शिवलेली. मधोमध एक मेलेलं रोप.

अज्जांनी रोपाकडे पाहिलंच नाही. पिशवी उचलून त्यांनी तळ पाहिला.

“पाणी किती घालतोस?”

“झाड पितं तेवढंच. आत सेन्सर असतो. तहान लागली की तो सांगतो, तेवढंच पाणी जातं.”

“आणि खाली काय येतं?”

“काहीच नाही.” श्रीशैलचा चेहरा उजळला. मरगळलेला माणूस आपल्या आवडीच्या विषयावर आला की उजळतो तसा. “एक थेंबही वाया नाही, अज्जा! माझ्या पद्धतीची खासियतच ती. लोक पाण्याचे पाट सोडतात आणि पाणी नाही म्हणून रडतात. माझ्याकडं घातलेला प्रत्येक थेंब आत राहतो.”

“खाली कायच येत न्हाई?”

“काहीच नाही.”

“कधीच?”

“कधीच नाही.”

“लई भारी,” अज्जा म्हणाले, आणि शेजारचं खुरपं उचलून त्यांनी पिशवीच्या बुडाला टराटरा दोन चिरा पाडल्या.

“अहो अज्जा! काय करताय!”

अज्जांनी पिशवी दोन विटांवर ठेवली, खाली वाडगं सरकवलं. वरून एक तांब्या पाणी ओतलं. मग दुसरा. मग तिसरा.

... ...

बऱ्याच वेळानं बुडातून चहाच्या रंगाचं पाणी ठिबकायला लागलं.

अज्जांनी त्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि लगेच थुंकले.

“मीठ.”

“जिभेवर काय कळतंय, अज्जा?” श्रीशैलनं खिशातून मीटर काढलं. पाण्यात क्षार किती, ते आकड्यात सांगणारं. ते त्याच्या खिशात पेनासारखं कायम असायचं. “मी देतो ते पाणी दीडच्या वर कधीच जात नाही. वहीत रोजचं लिहिलेलं आहे. हे बघा.”

त्यानं मीटर वाडग्यात धरलं.

तीन. चार. साडेपाच... सातवर जाऊन आकडा थांबला.

त्यानं मीटर सदऱ्याला पुसलं आणि पुन्हा बुडवलं. सात.

“मीटर बिघडलं असेल.”

“व्हय,” अज्जा म्हणाले. “आधी बी बिघडलं. आता मीटर.”

रोज सकाळी सातला, न चुकता, दोन्ही खेपांना श्रीशैलनं आत जाणारं पाणी मोजलं होतं. बाहेर येणारं एकदाही मोजलं नव्हतं. मोजणार कसं? येऊच दिलं नव्हतं. झाड पाणी पीत होतं, मीठ मागं ठेवत होतं, आणि ते बिचारं मीठ जाणार कुठं?

“पण इतकं?” तो पुटपुटला. “माझ्या खतातून इतकं साठणार नाही.”

“नारळाची सोडणं, ती वरची सालं, कुठं कुजत घालत्यात, ठाऊक हाय?”

“...खाडीत.”

“कसलं पाणी असतंय खाडीत?”

“पण पाकिटावर ‘धुतलेलं’ असं लिहिलं होतं, अज्जा. स्पष्ट.”

अज्जा हसले. त्यांना खालचे दोनच दात होते, आणि हसताना ते दोन्ही दिसायचे.

“पाकिटात लावलंस व्हय रं रोप? भुशात लावलंस नव्हं?”

श्रीशैलचे कान तापले. असं त्याच्याशी बऱ्याच वर्षांत कुणी बोललं नव्हतं. उठावं आणि गाडी काढावी, असं एकदा त्याच्या मनात आलंही. पण खिशातली डबी छातीला टोचत होती.

“मग मी काय करू?”

“पँट आणखी वर घे.”

मठामागं भुशाचे दोन ढीग होते. एक चाळलेल्या पिठासारखा मऊ. दुसरा भरड, दोऱ्या-चिंध्यांसकट, सोडणाचे तुकडे असलेला, दिसायला अगदी गबाळा.

“ह्यातलं घे कुठलं पायजे ते.”

श्रीशैलनं मऊ ढिगात हात घातला. हा प्रश्न त्याच्या घरचाच होता. “हे जास्त पाणी धरतं. दुप्पट तरी.”

अज्जांनी दोन्हींचा एकेक गोळा दोन कुंड्यांत भरला आणि दोन्हींवर तांब्याभर पाणी ओतलं. भरडातून पाणी खळखळत गेलं, भुसा मात्र ओला राहिला. मऊ कुंडीवर पाणी तसंच तळं करून बसलं.

“ह्यात नाक खुपस,” अज्जा मऊ कुंडी दाखवून म्हणाले.

“म्हणजे?”

“मुळाला बी नाक असतंय.”

श्रीशैलनं निमूट हात काढून घेतला आणि घमेलं भरडाच्या ढिगाकडे नेलं. मूठभर मऊ त्यात मिसळलं ते अज्जांनीच. किती, ते काही मोजलं नाही.

मग धुणं सुरू झालं. भुसा पिंपात टाकायचा, पाणी भरायचं, काठीनं ढवळायचं, गोणपाटावर उपसून निथळायचा, पुन्हा पिंपात. अज्जा नुसते कट्ट्यावर बसून होते. श्रीशैलचे खांदे भरून आले, इस्त्री कधीच गेली होती. दर खेपेला तो निथळलेलं पाणी मोजत होता. पाच. अडीच. सव्वा.

पाचव्या खेपेला मीटरनं अर्ध्याच्याही खालचा आकडा दाखवला.

“झालं!” तो ओरडलाच. पोरासारखा. “अज्जा, झालं! नदीच्या पाण्यापेक्षा स्वच्छ!” आणि त्यानं खिशातून डबी काढली.

“थांब.”

“आता काय राहिलं?”

“पाण्यानं सुटलं ते वरवरचं. भुशानं आत घट्ट धरलंय ते कुठं सुटलं?”

डबी उघडता उघडता श्रीशैलचा हात थांबला. कारण हे त्याला माहीत होतं! नुसतं माहीत नव्हतं, तो हे शिकवायचा. भिंतीवर चित्रं दाखवून शिकवायचा. काथ्याचा भुसा मीठ असं धरून बसतो की शंभर वेळा धुतलं तरी थोडं धरूनच ठेवतो, आणि रोप लावलं की खतातला चुना गिळून ते मीठ हळूहळू मुळांशी सोडतो. म्हणून आधी कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजत घालायचा, मग धुवायचा, मगच पेरायचं. दीडशे शेतकऱ्यांना त्यानं हे सांगितलं होतं. स्वतः मात्र पाकीट वाचून मोकळा झाला होता.

“मला ठाऊक आहे हे,” तो खाली मान घालून म्हणाला.

“व्हय. कुणीतरी सांगत हुतं, तू लई चांगलं शिकवतोस.”

त्यात टोमणा होता की नव्हता, हे श्रीशैलला कळलं नाही. लाज मात्र वाटली. खरी लाज.

अज्जांनी त्याच खताचे पांढरे खडे पाण्यात विरघळवले आणि ते पाणी पिंपात ओतलं.

“बारक्या पोरानं कातर धरली, की वढून सोडत न्हाई. वढलं तर आणखी घट्ट धरतंय. हातात गुळाचा खडा द्यावा लागतोय, मग कातर आपसूक सुटती.” त्यांनी पिंपावर गोणपाट टाकलं. “सकाळपातूर ऱ्हाऊदे.”

दिवस कलला. दोघं कट्ट्यावर बसले. समोर पांढरं रान, त्यात हिरव्या पोत्यांची रांग.

“बी देताना आई काय म्हणाली?” अज्जांनी विचारलं.

“आईनं नाही दिलं. अक्कानं दिलं.”

“तू न्हवतास?”

“कामात होतो.”

अज्जा नुसते बसून राहिले, आणि त्यांचं ते बसणं श्रीशैलला जड जायला लागलं.

“तिचा फोन आला होता,” तो म्हणाला. “रान पांढरं पडायला लागलंय, तू शिकलेला आहेस, एकदा येऊन बघून जा, म्हणाली. दोन-तीनदा म्हणाली.”

“मग?”

“मी म्हटलं... आई, सोड ती माती. आता मातीची गरजच उरलेली नाही कुणाला. आणि हसलो मी, अज्जा. फोनवर हसलो. ती पण हसली. माझा मुलगा किती शिकला, अशा कौतुकानं हसली. महिन्याभरात गेली.”

तीन वर्षांत हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. आणि मग तो रडला. चांगला बत्तीस वर्षांचा बाप्या, गुडघ्यात डोकं घालून हमसून हमसून रडला.

अज्जांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. उगी म्हटलं नाही. रडणं आपोआप थांबलं, तेव्हा ते कट्ट्याला हात टेकून उठले.

“चल. पान वाढलंय.”

त्या रात्री श्रीशैल तीन भाकऱ्या जेवला.

सकाळी तो अज्जांच्या आधी पिंपापाशी होता. भुसा उपसला, निथळला, दोनदा धुतला. कुणी न सांगता प्रत्येक वेळी खालचं पाणी मोजलं. आकडा उतरला, आणि ह्या वेळी तो ओरडला नाही.

सात कप्प्यांचा एक ट्रे. प्रत्येक कप्प्याला तळाशी भोक. त्यानं भुसा भरला, बोटानं हलकेच दाबला.

“पाणी घाल,” अज्जा म्हणाले.

त्यानं घातलं. तळाच्या भोकांतून थेंब गळायला लागले. आणि सवयीनं, अगदी नकळत, श्रीशैलचा पंजा ट्रेखाली गेला. थेंब झेलायला.

अज्जांनी त्याचं मनगट धरून हात बाजूला केला.

थेंब खालच्या पांढऱ्या जमिनीवर पडत राहिले. दोघंही बघत राहिले.

“आता पेर.”

श्रीशैलनं डबी तळहातावर उपडी केली. सात बारीक, चपट्या, पिवळसर बिया. झुळूक आली असती तर उडून गेल्या असत्या.

“उगवली,” अज्जा म्हणाले. “मोठी झाली. वांगी लागली. पयलं वांगं कुणाला देणार?”

“कुणालाच नाही.”

“आँ?”

“पहिल्या वर्षी एकसुद्धा तोडायचं नाही, अज्जा. सगळी झाडावर पिकू द्यायची. सगळी बियाला.”

“बरं. आणि दुसऱ्या वर्षी?”

“तेव्हाही बियाच. थोड्या माझ्याकडच्या फ्रीजमध्ये, थोड्या दुसऱ्या ठिकाणी. कुलूपबंद. पुन्हा अशी वेळच यायला नको.”

“अक्काला?”

श्रीशैलची मान वळली. “तिनं तीन बिया मागितल्या होत्या. मी नाही म्हटलं. ती त्याच खारट रानात टोकणार, आणि मारणार... तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी.”

“तू किती मारल्यास?”

“तेवीस,” तो म्हणाला. आकडा तोंडातून बाहेर पडायला वेळ लागला.

“आणि खाणार कोण?”

“काय?”

“वांगी. तुझी ती कुलपातली. खाणार कोण?”

ह्याचा विचारच श्रीशैलनं केला नव्हता. तीन वर्षांत एकदाही नाही. आणि एकदम त्याला आईच्या हातचं भरलं वांगं आठवलं, देठ तसाच ठेवलेलं, कूट बाहेर आलेलं.

“मग काय करायचं मी?” तो जवळजवळ चिडूनच बोलला. “सात राहिल्यात! जपायच्या नाहीत तर काय करायचं? आईनं कसं जपलं सांगा बघू. चाळीस वर्षं! तिच्याकडं ना फ्रीज होता, ना मीटर, ना वही. एक पुरचुंडी होती फडताळात. तिनं कसं जपलं, अज्जा?”

अज्जांनी त्याच्या तळहातावरच्या बियांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

“तिनं कुठं जपलं, पोरा?... दर सोमवारी मठाला टोपलंभर वांगी आणायची. आळीला वाटायची, वाटसरूला द्यायची, माहेरवाशिणींच्या पिशवीत घालायची. त्यातनं एखादं पानाआड ऱ्हाऊन जायचं झाडावर, पिवळं व्हायला. तेवढंच बियाला.”